काळा शेल, वीस आठवडे आणि माझा उतावळेपणा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी काळा शेल मीच मागून घेतला. प्राणवायू न पोहोचणाऱ्या तळाशी सेंद्रिय चिखल साचतो, त्याच्यासोबत निकेल, जस्त, मॉलिब्डेनम, युरेनियमही अडकतात, आणि त्या सगळ्याचा हा खडक. त्याला हवा-पाणी लागून विदारण, म्हणजे झीज-विघटन, सुरू झालं की कोणता धातू कधी सुटतो, एवढंच बघायचं होतं.

पहिला घोटाळा नमुन्यातच झाला. उघड्यावरचा, हाताने सहज तुटणारा तुकडा घेऊन आले. भिंगाखाली पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, दिसेचना, नुसते गंजलेले खड्डे. मॅडम म्हणाल्या, "अगं, याचं विदारण कधीच उरकलंय. हे वरातीमागून घोडं झालं."

मग ताजा ड्रिल कोअर, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडून काढलेला खडकाचा दंडगोल, मिळाला. त्याचा उरलेला तुकडा मी दमट कोपऱ्यात उघडाच टाकला होता. काही आठवड्यांनी पाहिलं तर भेगांमधून पिवळट-पांढरी पूड फुलून आलेली! बोट लावलं की झडायची, पाण्याचा थेंब टाकला की विरघळायची. पायराइटच्या ऑक्सिडीकरणातून तयार झालेली ही लोहाची सल्फेटं. पुस्तकातली समीकरणं मला त्या दिवशी खरी वाटली.

खडकातून धातू कसे सुटतात ते बघायच्या चाचणीची पद्धत ठरलेली आहे. 6.3 मिमीपेक्षा बारीक केलेला 1 किलो चुरा नळकांड्यात भरायचा. 3 दिवस कोरडी हवा, 3 दिवस दमट हवा, सातव्या दिवशी पाण्याने धुवायचं. निदान 20 आठवडे. खाली उतरलेलं पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, पीएच लगेच मोजायचा, आणि धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालायचं, म्हणजे धातू बाटलीच्या काचेला किंवा प्लास्टिकला चिकटत नाहीत.

पहिल्या धुण्यात सल्फेट भरपूर आलं, पण ती दळल्यापासून साठलेली जुनी घाण. त्यानंतर पीएच 7 च्या आसपास ठाण मांडून बसला. आठव्या आठवड्यात एकदम 2 च्या खाली! मी धावत मॅडमकडे. त्यांनी शांतपणे विचारलं, "इलेक्ट्रोड कुठल्या बाटलीत बुडवलास?" आम्ल घातलेल्या. दोन दिवस मी त्यांच्यासमोर गेले नाही.

खरी गंमत धातूंचे आकडे आल्यावर कळली. पीएच हलला नव्हता, तरी निकेल आणि जस्त आठवड्यागणिक वाढत होते. पायराइटमधून आम्ल सुटत होतंच, फक्त शेलमधला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, ते तिथल्या तिथे गिळत होता. त्यामुळे लोह गंज होऊन चुऱ्यातच बसलं. निकेल आणि जस्त मात्र एवढ्या पीएचला पुरते खाली बसत नाहीत, ते पाण्याबरोबर निघाले. मी ज्याला "अजून काही घडत नाही" म्हणत होते, त्या काळात खडक रिकामा होत होता.

मॉलिब्डेनमने तर उलटंच केलं. सुरुवातीला ते जोरात येत होतं. पुढे कॅल्साइट संपला, पीएच 4 च्या खाली गेला, आणि ते जवळजवळ गायब झालं. मला वाटलं, पुन्हा बाटल्यांची अदलाबदल! वही तीनदा तपासली. चूक नव्हती. मॉलिब्डेनम पाण्यात ऋण आयन म्हणून हिंडतं. आम्लात लोहाच्या गंजाचा पृष्ठभाग धनभारित होतो आणि ते तिथेच चिकटतं.

त्यानंतर मात्र वेग आला. आम्लात फेरिक लोह, म्हणजे फेरसपेक्षा जास्त ऑक्सिडीकरण झालेलं लोह, विरघळलेलं राहतं आणि तेच पायराइटवर तुटून पडतं. फेरसचं पुन्हा फेरिक करून देणारे जिवाणू सोबतीला असतातच.

विसाव्या आठवड्यात निकेलची रेघ अजून वरच जात होती. मॅडमनी आलेख पाहिला आणि पुढच्या 12 आठवड्यांच्या बाटल्या धुवायला सांगितलं. सबमिशनची तारीख पुढे गेली. वहीच्या नव्या पानावर रकाने आखताना पीएच शेवटी टाकला, निकेल पहिला.