आमची वाटचाल : अडीच बाय साडेतीन

लोक विचारतात तुमी नेमकं विकता काय, आणि हे सांगायला मला दरवेळी पाच मिनिटं लागतात. कोरी कार्डं विकतो. कापलेला जाड कागद, बस. त्यावर लोक चित्रं काढतात आणि ती चित्रं मात्र विकायची नसतात, एकमेकांत बदलायची असतात. पहिल्यांदा हे ऐकल्यावर आमचे मामाजी (म्हणजे सासरे) म्हणाले होते, "जे इकाचंच नाई त्याचा धंदा कसा करतं वं पोरी तू?"

प्रेस मामाजींचा. आर्वी तालुक्यात, गाव लहान, पण आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांच्या लग्नपत्रिका आमच्याकडे यायच्या. आधी ट्रेडल होतं, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छपाई, मग मिनी ऑफसेट आलं आणि खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा खिळ्यांची दोनच खणं उरली होती. पत्रिका, पावती पुस्तकं, दुकानाची बिलबुकं, निवडणुकीत हँडबिलं, असं चाललं होतं बरं.

मग २०२० चा उन्हाळा. लग्नं पन्नास माणसांत, पत्रिका व्हॉट्सअॅपवर. छापून तयार असलेल्या तीन लग्नांच्या पत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहिले, तारखा निघून गेल्या, पैसे मागायलाही तोंड होईना कारण समोरच्याचं लग्नच राहिलं होतं. मुलगी तेव्हा आठवीत, घरी बसून कंटाळलेली. तिनं त्या पत्रिकांची मागची कोरी बाजू कापून छोटी छोटी चित्रं काढायला सुरुवात केली आणि नागपूरच्या मावसबहिणीला फोटो पाठवले, तर तिकडून उत्तर आलं की अगं याला तर एटीसी म्हणतात, आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, जगभर लोक करतात, पण तुझी साइज चुकली.

साइज एकच, अडीच बाय साडेतीन इंच. पत्त्यांच्या कॅटमधलं पान असतं साधारण तेवढी, पोरं ते पोकेमॉनचे कार्ड बदलतात तीच. ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या स्टिर्नेमान नावाच्या कलाकाराची, त्यानं झ्युरिकला १९९७ मध्ये स्वतः केलेल्या १२०० कार्डांचं प्रदर्शन लावलं आणि बघायला आलेल्यांना सांगितलं की तुमचं तुमचं कार्ड करून आणा आणि बदलून न्या. चित्र, कोलाज, शिवणकाम, शिक्का, काहीही चालतं, माप तेवढं पक्कं. मागच्या बाजूला नाव, शीर्षक, तारीख आणि नंबर लिहायचा. एकच केलं तर १/१, दहा सारखी केली तर ३/१०, ४/१० असं. विकायला जी करतात त्यांना वेगळं नाव आहे, एसीईओ, माप तेच. आम्ही त्यात नाही पडलो.

मावसबहिणीशी बदली झाली, मग तिच्या मैत्रिणींशी, मग बुलढाण्याच्या एक ड्रॉइंगच्या मॅडम जुळल्या. त्यांनीच विचारलं की तुमच्याकडे कटिंग मशीन आहे तर मला शंभर कोरी कार्डं कापून द्याल का, हातानं कापली की माझी वाकडी होतात. ही आमची पहिली ऑर्डर.

आणि ती आम्ही बिघडवली. मशीनचा पाता बोथट होता, गठ्ठा जाड घेतला, वरचे कार्ड बरोबर आणि खालचे दीड-दोन मिलिमीटर तिरपे. पत्रिकेत एवढा फरक कोणी पाहत नाही, पण ही कार्डं नऊ खिशांच्या प्लास्टिकच्या पानात घालून ठेवतात, त्यात ती जाईचनात. मॅडम बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसता एक फोटो पाठवला. तेव्हापासून पात्याला धार वेळेवर आणि गठ्ठा पातळ.

कागदाचं गणित मात्र मला मनापासून आवडतं, थोडं सांगते. चित्रकलेचा फुल शीट २२ बाय ३० इंच. २२ च्या बाजूला अडीच इंच धरले तर आठ आणि ३० च्या बाजूला साडेतीन धरले तरी आठ, म्हणजे ६४ कार्डं. तेच उलटं फिरवा, २२ मध्ये साडेतीनचे सहा आणि ३० मध्ये अडीचचे बरोबर बारा, ७२. नुसता कागद फिरवला की आठ कार्डं जास्त, वर एक इंचाची पट्टी उरते तिचे बुकमार्क होतात. मी हे पाटीवर काढून दाखवलं तेव्हा मामाजी पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले. पण हातकागद घेतला की त्याची कड खडबडीत असते, ती छाटली की ३० इंच भरत नाही, बाराऐवजी अकराच ओळी आणि ६६ वर गाडी थांबते. म्हणून आमचं हातकागदाचं पाकीट महाग, लोकांना वाटतं फॅशन म्हणून भाव लावला.

हातकागदाचं सुचलं वर्ध्याला गेल्यावर. गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्यातच, मगनवाडीत, आणि त्यांच्या उद्योगांत हातकागदही होता. चांगला हातकागद कापसाच्या चिंध्यांचा असतो, धागा लांब म्हणून पाणी लावून घासलं तरी फाटत नाही. आता गंमत बघा, आमच्या घराच्या मागे पऱ्हाटी उभी, सगळा तालुका कापसाचा, आणि कापसाचा कागद मी बाहेरून मागवते, वर भाडं देते. एका सप्लायरनं तर ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद) सांगून पातळ माल पाठवला, आणि परत घ्यायचं नाव काढेना. तेव्हापासून प्रत्येक लॉटचं एक शीट काट्यावर टाकून बघते.

वजन पोस्टासाठीही बघावं लागतं. ३०० जीएसएमचं एक कार्ड साधारण १.७ ग्रॅम. पंचवीसचं पाकीट केलं होतं आधी, कार्डं झाली ४२ ग्रॅम, त्यावर पुठ्ठा आणि लिफाफा धरून ५० च्या वर आणि स्पीड पोस्टचा पुढचा स्लॅब. म्हणून आमच्या पाकिटात वीसच कार्डं, कोणी विचारलं वीसच का तर कारण हे आहे, दुसरं काही नाही. बदलीचं एखाद-दुसरं कार्ड मात्र साध्या लिफाफ्यात पाच रुपयांच्या तिकिटावर जातं, फक्त दोन्हीकडून पुठ्ठ्याचा तुकडा लावा, नाहीतर पोस्टाचा शिक्का चित्रावर उमटतो. आमच्या पोस्टमनकाकांना आता लिफाफा हातात घेतल्याबरोबर कळतं, "ताई, तुमचं कार्ड आलं" म्हणून फाटकातूनच आवाज देतात.

उन्हाळ्याचं एक. अॅक्रिलिक रंग सुकला म्हणजे झालं असं बाकी ठिकाणी असेल, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सुकलेलं अॅक्रिलिक पुन्हा चिकट होतं, कारण तो शेवटी प्लास्टिकचाच प्रकार. टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली चाळीस कार्डं एकमेकांना अशी चिकटली की वीट झाली वीट. मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट. आता प्रत्येक पाकिटात आम्ही बटर पेपरचे तुकडे घालतो, फुकट, आणि मागच्या माहितीसाठी रबरी शिक्का करून देतो, नाव, शीर्षक, तारीख, नंबर, गाव. शिक्क्यात खरं तर कार्डांपेक्षा जास्त सुटतं!

दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या (म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या) दिवशी दुपारी प्रेसमध्ये बदलीचा कार्यक्रम असतो. पहिल्या वर्षी अकरा जण आले, त्यातले सहा घरचेच. पोरं लाकडी नंदी घेऊनच येतात, तो बाहेर उभा करायचा आणि आत कार्डं मांडायची. गावातले एक म्हातारे काका आहेत, आयुष्यभर सालदारकी केली, ते गेरू आणि कोळशानं फक्त बैल काढतात, जे जे बैल त्यांनी हाकले ते, प्रत्येकाच्या मागे नाव. मागच्या साली नागपूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्यातल्या एका बैलाचे पाचशे रुपये लावले. मी अडचणीत आले. बदलीचा नियम आम्हीच सगळ्यांना सांगत फिरतो, आणि पाचशे रुपये काकांसाठी लहान रक्कम नाही, मी कोण मध्ये पडणारी. म्हटलं काकांनाच विचारा. काकांनी नोट पाहिली, पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पैसे नोका देऊ, तुमी बी एखांदं काढा ना, मंग घेऊन जा." पाहुणे म्हणे मला चित्र येत नाही, काका म्हणे मले कुठी येते. शेवटी साहेब खाली सतरंजीवर बसले, पाऊण तास. जे निघालं ते बैल होतं की डुक्कर यावर अजून वाद आहे, पण काकांनी ते घेतलं आणि घरी देवळीत लावलं.

धंदा म्हणाल तर पत्रिका अजूनही आहेत, कमी झाल्या, पण कार्डं आणि शिक्के मिळून मशीनचा हप्ता आणि एका माणसाचा पगार निघतो. यंदा पाता नवीन घेतला.

मामाजींनी मधे त्या उरलेल्या दोन खणांतले खिळे काढले, हातानं शाई लावून एक कार्ड छापलं. मोठ्या साइजचा एकच खिळा धड सापडला, "ळ". कार्डावर फक्त ळ, मागे १/१, खाली सही. ते त्यांच्या खिशात असतं. पुलगावचा एक पोरगा दोनदा येऊन गेला त्यासाठी, दुसऱ्यांदा स्वतःची सात कार्डं घेऊन आला होता, शकुंतला रेल्वेचे सात डबे, जोडून ठेवले की पूर्ण गाडी होते अशी. मामाजींनी सातही नीट चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "इंजन कुठी हाय? इंजन घेऊन ये, मंग पाहू."