पीसी जोडला एका शनिवारात, झाकण शोधलं अकरा दिवस

एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम५ मदरबोर्डवर (पीसीचे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) प्रोसेसर बसवायची जी जागा असते, तिच्यावर एक काळं प्लास्टिकचं झाकण येतं. आगपेटीपेक्षा फारसं मोठं नाही. आतल्या १७१८ बारीक पिनांना धक्का लागू नये म्हणून ते असतं. प्रोसेसर ठेवून वरची पट्टी लिव्हरने दाबली की ते टपकन सुटून बाहेर पडतं. आम्ही ते सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. तुम्ही टाकू नका. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

धाकट्याची बारावी झाली आणि घरात गेमिंग पीसीचा विषय निघाला. बाबांचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, "तयार आण. बिघडला तर एका माणसाकडे तरी जाऊन भांडता येतं." आम्ही दोघा भावांनी ते हसण्यावारी नेलं. कारण तयार मशीनच्या जाहिराती बघितल्या तर ग्राफिक कार्डाचं नाव मोठ्या अक्षरात आणि बाकी सगळं गुलदस्त्यात. पॉवर सप्लाय कुणाचा, किती वॉटचा, पत्ता नाही. रॅमची एकच पट्टी, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन रस्त्यांपैकी (चॅनल म्हणतात त्यांना) एक रिकामा. काही कंपन्यांचा बोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्या स्वतःच्या मापाचा असतो, उद्या बाजारातला दुसरा बसवायचा म्हटलं तर बसत नाही. शिवाय आमच्या बजेटमध्ये मिळत होतं ते आठ जीबीचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड. तेवढ्याच पैशांत सुटे भाग घेऊन सोळा जीबीचं ५०६० टीआय बसत होतं. हे कार्ड एप्रिल २०२५ मध्ये आलं, आठ आणि सोळा अशा दोन प्रकारांत. बिलावर सोळा लिहिलंय ना, हे बघूनच घ्या.

मग रायझेन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा एएम५ बोर्ड, डीडीआर५ रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. एक लाख पाच हजारांत बसलं, मॉनिटर सोडून. जिथं जे स्वस्त तिथून ते मागवलं, तीन वेगळ्या विक्रेत्यांकडून. इथंच पहिली चूक झाली. बोर्ड २१ जूनला फोंड्याला घरी आला, प्रोसेसर आला ४ जुलैला. बोर्ड बदलून द्यायची विक्रेत्याची सात दिवसांची मुदत बोर्ड खोक्यात पडून असतानाच संपली.

जोडण्याबद्दल लोक उगाच घाबरवतात. ५ जुलै, शनिवार, बाहेर धो धो पाऊस. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा बसलो आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठलो. एक स्क्रू कॅबिनेटच्या आत हरवला, बस्स.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. डीडीआर५ ची मशीन पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळवाजुळव करत काही मिनिटं काळीच राहते, हे वाचलेलं होतं. म्हणून दहा मिनिटं थांबलो. मग चाळीस. रॅममध्ये अडचण आहे असं सांगणारा बोर्डवरचा डीरॅमचा बारीक दिवा काही विझेना. बायॉस, म्हणजे बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून नवीन घातलं (पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्येच फॉरमॅट केलेला लागतो, आणि मागच्या ठरावीक यूएसबी खाचेतच लावायचा), बोर्डवरची बॅटरी काढून घातली, पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या. शेवटी कळलं ते असं. रॅमच्या ए२ खाचेत कुठलीही पट्टी लावा, मशीन चालते. बी२ मध्ये कुठलीही लावा, ठप्प. एक चॅनल मेलेलं. धाकट्याने आठवडाभर एकाच पट्टीवर गेम खेळले. म्हणजे आम्ही ज्याला हसलो, तीच तयार मशीनवाली गत.

१४ जुलैला बोर्ड खोक्यात घालून पणजीला गेलो. सर्व्हिसच्या काउंटरवर टोकन, दीड तास. बिल पाहिलं, सिरीयल नंबर जुळवला, बोर्ड उलटसुलट केला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "धांपणें खंय?"

झाकण नाही तर बोर्ड घेणार नाही. पाठवताना पिना वाकल्या तर जबाबदारी कुणाची, असा त्यांचा मुद्दा. खोटं कशाला बोलू, मुद्दा बरोबर आहे. बोर्डच्या माहितीपत्रकात तसं बारीक अक्षरात छापलेलंही आहे, घरी येऊन वाचलं. पण मी म्हटलं, तुमच्याकडे एखादं जुनं पडलं असेल ना? तर म्हणे आम्ही फक्त माल जमा करतो, पुढं मुंबईला जातो. कंपनीच्या फोनवर विचारा. फोनवरची मुलगी म्हणाली, झाकण सुटं मिळत नाही, काउंटरवर विचारा. हे चक्र चार दिवस चाललं. एकदा तर काउंटरवाल्याने "फाल्यां यो, सायबाक विचारतां" म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबच रजेवर. फोंडा ते पणजी बसने जायला तास, यायला तास, कुंडईच्या कारखान्यातली माझी दोन अर्ध्या दिवसांची रजा त्यात गेली.

कचऱ्याची पिशवी तोवर पंचायतीच्या गाडीतून गेलेली. आईने तरीही मागचं अंगण धुंडाळलं. एका मित्राने इंटेलच्या बोर्डचं झाकण आणून दिलं, ते बसेना. चिकटपट्टीने लावून नेऊ का, असाही विचार मनात आला होता, कबूल करतो.

अकराव्या दिवशी मिळालं ते म्हापशात. लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला पावसात थांबावं लागतं. तिथल्या दादाने काही न विचारता बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली घेतला. आत झाकणंच झाकणं. एएम५ चं शोधून हातावर ठेवलं. "पैसे नकोत. काम झालं की परत आणून दे, मलाही लागतात."

काउंटरवर पुढचा अडथळा होताच. पिन वाकलेली असेल तर चॅनल असंच मरतं, मग ती तुमची चूक, वॉरंटी बाद. इथं मात्र धाकटा कामी आला. प्रोसेसर ठेवायच्या आधी त्याने सॉकेटचा, म्हणजे त्या पिनांच्या जागेचा, जवळून फोटो काढला होता, रांगोळीसारख्या सरळ रांगा, वर तारीख-वेळ. तो त्याने इन्स्टाग्रामसाठी काढला होता, ते सोडा. २५ जुलैला बोर्ड जमा झाला.

बाबा बरोबर होते का? निम्मे. जोडणं जमेल का, हा प्रश्नच चुकीचा आहे, स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमतं. बिघडल्यावर किती दारं ठोठावायची तयारी आहे, ते आधी स्वतःला विचारा. सुट्या भागांची वॉरंटी लांब असते, आमच्या बोर्डची तीन वर्षं, पण दर भागाचं दार वेगळं. मशीन कामासाठी रोज लागत असेल तर तयारच घ्या, नाहीतर भाग आपण निवडून एकाच स्थानिक दुकानातून एका बिलावर जोडून घ्या. दोन-तीन हजार जास्त जातील, पण माझ्या रजा आणि बसभाडं त्यात निघालं असतं. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले, ते बघता आमचा हिशेब आज लावू नका. आजचे भाव काढून दोन्ही बेरजा नव्याने करा.

अजून दोन गोष्टी आठवल्या. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावायची, बोर्डला नाही. आम्ही नवा बोर्ड आल्यावर अर्धा तास "गेम अडकतोय" म्हणत बसलो होतो. आणि यूपीएस घ्याच, पावसाळ्यात आमच्याकडे लाईट संध्याकाळी किती वेळा जाते ते सांगायला नको.

नवा बोर्ड आला २५ ऑगस्टला, गणेश चवथीच्या दोन दिवस आधी. बाबा माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) बांधत होते आणि त्यांना सुतळी कापून द्यायची सोडून आम्ही आत रॅम लावत होतो. या वेळी दिवा विझला. बाबांनी दारातून डोकावून फक्त एवढंच विचारलं, "झाकण ठेवलं काय?"

ठेवलंय. आईने ते बिलासकट कपाटातल्या दागिन्यांच्या खणात ठेवलंय. म्हापशाच्या दादाचं झाकण जुन्या बोर्डासोबत गेलं ते गेलंच, म्हणजे परत द्यायचं तर हेच द्यावं लागेल. वॉरंटी २०२८ च्या जूनपर्यंत आहे. त्यानंतर देईन.