लंडनच्या वहीत नाव

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव नाही. 'स्त्री' एवढंच लिहिलंय, खाली आईवडलांची नावं, तारीख आणि एक पुसट शिक्का. आजोळी जन्मलेल्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं असंच आहे. नोंद बारशाच्या आधी झाली, मग नुसतं नाव घालायला कचेरीत परत कोण जाणार? शाळेत खपून गेलं, पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला पुरला. पंचेचाळिसाव्या वर्षी लंडनमध्ये मात्र गाडं अडलं. 'फ्रीडम ऑफ द सिटी'च्या अर्जासाठी जन्मदाखला हवा होता. धाकट्या भावानं चार हेलपाटे घातले, कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, आणि शेवटी दाखल्यावर मी नावानिशी अवतरले.

फोनवर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विचारलं, "कसला फ्रीडम? भारत तर सत्तेचाळीसलाच झालाय की."

तर आधी थोडं समजावून सांगते. लंडन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक आपण सिनेमात बघतो ते अवाढव्य शहर, त्याचा मेयर निवडणुकीत निवडून येतो. आणि त्याच्या पोटात एक चौरस मैलाचं जुनं 'सिटी ऑफ लंडन'. त्याचा लॉर्ड मेयर वेगळा, कारभार वेगळा, पोलीससुद्धा वेगळे. बँका, विमा कंपन्या सगळ्या तिथे. मी गेली अठरा वर्षं रोज तिथेच उतरते, एका बँकेचे डेटाबेस सांभाळते.

मध्ययुगात या चौरस मैलात दुकान मांडायचं, तर तुम्ही 'फ्री' असायला लागायचं. म्हणजे कुणा सरदाराच्या मालकीचे नाही, स्वतःच्या नावावर कमवू शकता, मालमत्ता करू शकता. ही फ्रीडम देण्याची पद्धत तेराव्या शतकापासून चालत आली आहे. आणि ती मिळायची धंदेवाल्यांच्या संघांमधून, म्हणजे गिल्डमधून, ज्यांना इथे लिव्हरी कंपन्या म्हणतात. कापडवाले, मासेवाले, सोनार, मीठवाले, लोहार, प्रत्येकाची वेगळी कंपनी. लिव्हरी म्हणजे त्यांचा ठरलेला पोशाख. जो फ्री नाही तो 'फॉरेन'. हा शब्द वाचून मला हसू आलं. आपण 'पोरगं फॉरेनला गेलं' म्हणून पेढे वाटतो. जुन्या लंडनच्या लेखी शेजारच्या खेड्यातून आलेला इंग्रज चांभारही फॉरेनच. समुद्रापलीकडून आलेल्याला आणखी वेगळा शब्द होता, 'एलियन'.

आत यायला तीन दरवाजे. पहिला जन्माचा, पेट्रिमनी. आई किंवा बाप फ्री झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना हक्कानं मिळतं. आधी जन्मलेल्यांना नाही, म्हणजे माझी लेक बाहेरच राहिली, ती आत्ता सोळाची आहे. दुसरा शिकाऊ होऊन, सर्व्हिट्यूड. उस्तादाच्या घरी राहायचं, बहुधा सात वर्षं. करारात लिहिलेलं असे की लग्न करायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही. तिसरा पैसे भरून, रिडेम्प्शन. (सन्मान म्हणून देतात ती चौथी वाट, पण ती माझ्या-तुमच्यासाठी नाही.)

हे मी अप्पांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "मग ह्यात नवीन काय?"

खरंच, त्यांच्यासाठी काही नवीन नव्हतं. आम्ही कोष्टी. आजोबांच्या घरात हातमाग होता, तो त्यांना जन्मानंच मिळाला. तो नको असेल तर दुसरं काय, हेही जन्मानंच ठरलेलं होतं. पण आमच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि तो जन्माचा दरवाजा हळूहळू कुचकामी झाला. माग कुणीही विकत घ्यावा, सूत घालावं, कापड काढावं. कोष्टी नसलेले कितीतरी जण कारखानदार झाले आणि कोष्टी त्यांच्या कारखान्यात पाळ्या करायला लागले. अप्पा तेराव्या वर्षी दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्या भरायला जात. कांड्या भरता भरता माग चालवायला शिकले, मग दोन पाळ्या, मग आईच्या पाटल्या गहाण टाकून दोन जुने माग. जन्म, शिकाऊपण, पैसा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्या माझ्या वडलांनी तिन्ही दरवाजे एका आयुष्यात पाहिले होते. माझ्या ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांना मला हे दोनदा समजवायला लागलं.

लंडनच्या कंपन्यांमध्ये सर्वांत जुनी सनद विणकरांची आहे, ११५५ सालची, दुसऱ्या हेन्रीनं दिलेली. ही माहिती अप्पांना आवडली. मग मीही जरा चढले आणि त्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखाचं सांगितलं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे गिल्डकडेच, मिळून ३,००० कार्षापण नाणी ठेवली. २,००० महिना शेकडा एक व्याजानं, १,००० महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि किरकोळ गरजांचा खर्च भागवायचा. म्हणजे हेन्रीच्या हजारएक वर्षं आधी आपल्याकडचे विणकर बँक चालवत होते. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "पाऊण टक्केवाल्यांचं काम जास्त चांगलं असणार, न्हाईतर कमी व्याजावर कोण ठेवतंय?" यावर कुणा इतिहासकारानं काय म्हटलंय मला ठाऊक नाही, पण कर्ज काढलेल्या माणसाचा तर्क आहे.

मी मात्र विणकरांच्या कंपनीत गेले नाही. मी गेले आयटीवाल्यांच्या. हो, तीही आहे! कंपन्यांच्या क्रमात तिचा नंबर शंभरावा, लिव्हरीचा दर्जा १९९२ साली मिळाला. हल्ली कंपन्या एकशे दहाच्या वर गेल्या आहेत आणि बहुतेकांचं काम म्हणजे शाळा, शिष्यवृत्त्या, दानधर्म आणि जेवणावळी. शिवाय लिव्हरीवाले दरवर्षी मिकेलमसला, २९ सप्टेंबरच्या सुमाराला, लॉर्ड मेयरच्या निवडीत मत देतात.

या क्रमाचं प्रकरण मात्र अगदी आपल्याकडचं वाटावं असं आहे. कोण पुढे, कोण मागे हे १५१५ साली ठरवून ठेवलंय. पहिला मान मर्सर्सचा, म्हणजे उंची कापडाच्या व्यापाऱ्यांचा. त्याआधी शिंप्यांची आणि फरवाल्यांची कंपनी सहावा मान कुणाचा यावरून इतकी भांडली की १४८४ साली लॉर्ड मेयर रॉबर्ट बिल्सडन यांना निवाडा द्यावा लागला. एक वर्ष तुम्ही सहावे, हे सातवे. पुढच्या वर्षी उलट. आणि दोघांनी एकमेकांना जेवायला बोलवायचं. पाचशे चाळीस वर्षं झाली, अजून पाळतात. आमच्या गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून जी भांडणं होतात, तिथे असा बिल्सडन कधी भेटला नाही.

गिल्डहॉल म्हणजे सिटीची जुनी कचेरी. तिथली फ्रीडम देण्याची ती खोली छोटी आहे. चेंबरलेन्स कोर्ट म्हणतात, पण ना वकील, ना आरोपी. दारात उंच टोपी आणि लांब कोट घातलेला बीडल (चोपदारच म्हणा), आत झगा घातलेला क्लार्क. नवरा आणि लेक माझ्याबरोबर होते. लेकीनं टोपीकडे बघून माझा हात दाबला, हसू नकोस म्हणून. मी नारायणपेठी नेसले होते, इचलकरंजीचं कापड नेसावं तर आमच्याकडे साड्या कुठे होतात, सगळा पॉपलीन-मलमलचा व्यवहार.

कार्डावरचं प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचायचं. राजाशी इमान राखीन. ते मी नागरिकत्व घेताना एकदा म्हटलंच होतं. या सिटीच्या मेयरचं ऐकेन. शहराचे हक्क आणि रिवाज सांभाळीन. आणि मग एक वाक्य येतं, की राजाच्या शांततेविरुद्ध कुठे जमाव किंवा कट होत असल्याचं कळलं तर मेयरला खबर देईन, नाहीतर जमेल तसं ते रोखीन. मला एकदम आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आठवली. त्याहून मोठा कट मी आयुष्यात पाहिलेला नाही.

वाचून झालं, वहीत सही केली. क्लार्कनं हात मिळवला आणि मला 'लंडनची नागरिक' म्हणून संबोधलं. वळणदार अक्षरात माझं नाव असलेलं पार्चमेंट, म्हणजे चर्मपत्र, दिलं आणि वागावं कसं याचं अठराव्या शतकातलं एक छोटं पुस्तक. अर्ध्या तासात संपलं.

सगळे मेंढ्यांचं विचारतात, म्हणून सांगून टाकते. फ्रीमननं लंडन ब्रिजवरून मेंढ्या नेल्या तर त्याला पुलाचा कर माफ असे. आता वर्षातून एकदा लोकरवाल्यांची कंपनी हौसेनं मेंढ्या चालवते, लोक तिकीट काढून दोन मिनिटं काठी धरतात. रेशमी दोरानं फाशी मिळण्याचा हक्क वगैरे ज्या गोष्टी सांगतात, त्या चहासोबत ऐकायच्या.

त्याच वहीत माझ्याआधी कोण होतं हे मी घरी येऊन शोधत बसले. १८५५ साली जमशेटजी जीजीभॉय यांना सिटीनं सन्मानाची फ्रीडम दिली. जे.जे. हॉस्पिटलचे, जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जमशेटजी. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यामुळे बाटलीवाला म्हणवणारे, नंतर चीनशी कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट कमावलेले. अफू म्हटल्यावर पार्चमेंटचा वास जरा बदलतो, पण त्या काळच्या सिटीला त्याचं वावडं नव्हतं. गंमत अशी, की जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी माहीमच्या कॉजवेसाठी पैसे दिले ते एका अटीवर, की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. तो १८४५ साली खुला झाला. लंडनमध्ये पुलाचा कर फ्रीमनच्या मेंढ्यांना माफ, माहीमला सगळ्यांना माफ. त्या वहीत नाव आवाबाईंचं असायला हवं होतं. पण सन्मानाची फ्रीडम पहिल्यांदा बाईला मिळाली ती १८७२ साली, अँजेला बर्डेट-कुट्स यांना.

त्याच १८५५ साली डेव्हिड सॉलोमन्स हे पहिले ज्यू लॉर्ड मेयर झाले. १८३०पर्यंत ज्यूंना आत येता येत नसे, कारण शपथ ख्रिस्ती होती. आणि १७३१ साली इथल्याच ऑल्डरमननी, म्हणजे सिटीच्या वरिष्ठ कारभाऱ्यांनी, हुकूम काढला होता की कुणाही काळ्या माणसाला सिटीत शिकाऊ म्हणून घ्यायचं नाही. म्हणजे दुसरा दरवाजा बंद, आणि पहिला तर त्यांच्यासाठी नव्हताच. हे वाचल्यावर त्या टोपीचं हसू येईनासं झालं. कंपनीत न जाताही फ्रीडम घेता येईल अशी सोय १८३५ साली झाली, आणि ब्रिटन-कॉमनवेल्थबाहेरच्या माणसाला तर १९९६पर्यंत थांबावं लागलं. नेहरूंना १९५६ साली गिल्डहॉलमध्ये सन्मानानं दिली, तो भाग वेगळा.

रात्री अप्पांना व्हिडिओ कॉलवर पार्चमेंट दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मान वाकडी केली.

"नाव हाय न्हवं तुझं ह्याच्यावर?"

"आहे अप्पा. मोठ्या अक्षरात."

"आणि कुठल्या दारानं गेलीस म्हणालीस?"

रिडेम्प्शन, मी म्हटलं. कंपनीमार्फत गेलं तरी बहुतेकांचं असंच होतं, पैसे भरून. शब्दाचा अर्थ विचारला त्यांनी. मी सांगितलं, सोडवून घेणं. गहाण टाकलेलं सोडवतात, तोच शब्द.

मागून आई म्हणाली, "पाटल्यांसारखं?"

"तसंच," मी म्हटलं. त्या पाटल्या सोडवायला सहा वर्षं लागली होती, मला आठवतंय, मी तेव्हा तिसरीत होते. मग मी पार्चमेंटवरची शेवटची ओळ मराठीत वाचून दाखवली, की या बाईची नोंद फ्रीडमच्या खरेदीच्या वहीत केलेली आहे. 'खरेदी' हाच शब्द आहे तिथे, 'पर्चेसिंग'.

अप्पा एकदम खूश झाले. इतका वेळ सन्मान की सभासदत्व की काय, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं, आता आलं.

"मग पावती हाय ती," ते म्हणाले. "जपून ठेव."