किती आली?

सकाळी मीटरवर आकडा यायला पाच सेकंद लागतात. बोटाच्या कडेला टोचायचं (मधोमध टोचलं की दिवसभर ठणकत राहतं, हे पहिल्याच महिन्यात कळतं), थेंब पट्टीला लावायचा आणि बघत बसायचं. डायबिटीस होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्या पाच सेकंदांत छातीत धस्स होतंच. आणि आकडा दिसायच्या आधीच आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येतो, "किती आली?"

नऊ वर्षं हा प्रश्न ऐकतेय. आई फोनवर विचारते, बहीण मेसेज करून विचारते, चार लोकांत गेलं की ज्यांच्याशी वर्षातून एकदा बोलणं होतं तेही विचारतात. १०८ म्हटलं की "वा, छान", १९० म्हटलं की लगेच "काल काय खाल्लंस?" म्हणजे चांगली आली तर औषधाचा गुण आणि वाढली तर माझा दोष. झोप झाली का, पाय दुखतायत का, कंटाळा आलाय का या सगळ्याचा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यांचं प्रेम नाही असं अजिबात नाही, पण प्रेमाने विचारलेला प्रश्नसुद्धा रोज रोज परीक्षेच्या निकालासारखा विचारला तर माणूस थकतो.

मी एवढी थकले होते की डॉक्टरांना दाखवायच्या शुगरच्या वहीत खोटं लिहायला लागले. एकदा उपाशीपोटी २१२ आली, मी वहीत १४२ लिहिलं. हात थांबला नाही, काही नाही. डॉक्टरांना फसवायचं असं मनात नव्हतं, फक्त त्या दिवशी कुणाचाच चेहरा पडलेला बघायची ताकद नव्हती. मग आठवड्यातून दोनतीनदा तसंच व्हायला लागलं. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी आलं ८.१ आणि सगळं उघडं पडलं, कारण ८.१ म्हणजे दोनतीन महिन्यांची सरासरी साधारण १८६ धरतात आणि माझ्या वहीप्रमाणे ती १४० च्या आसपास असायला हवी होती. लाल पेशी जवळपास १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर ही तपासणी मोजते, तिथे वहीतल्या आकड्याचं काही चालत नाही.

दवाखान्यातल्या डायबिटीस एज्युकेटर ताईंनी (डायबिटीस कसा सांभाळायचा हे शिकवणाऱ्या) मीटरची मेमरी बघितली, वही बघितली आणि वही हळूच मिटून बाजूला ठेवली. मला रडूच फुटलं. त्या ओरडल्या नाहीत, एक कागद काढला आणि म्हणाल्या, "आज शुगरचं राहू दे. हे वीस प्रश्न विचारते, शून्य ते चार मार्क द्यायचे, शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे खूप त्रास." ही प्रश्नावली विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली, पीएआयडी म्हणतात तिला, बेरजेला १.२५ ने गुणलं की शंभरापैकी आकडा मिळतो आणि ४० किंवा वर आला तर त्रास बराच आहे असं समजतात. प्रश्न साधेच होते. पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, रोजची सगळी शक्ती या आजारातच जाते असं वाटतं का, या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का. एका प्रश्नाला तर मी विचार न करता चार म्हटलं, तो म्हणजे आपला मूड खरंच आपला आहे की शुगरमुळे आहे हेच कळत नाही असं होतं का. माझी बेरीज ४४ आली, म्हणजे ५५.

याला नाव आहे, डायबिटीस डिस्ट्रेस, हे मला नवव्या वर्षी कळलं याचं मला अजूनही वाईट वाटतं. पहिल्याच दिवशी पथ्याच्या कागदासोबत हेही सांगायला हवं. हे डिप्रेशनच असतं असं नाही, हा आजार रोज सांभाळण्याचा शीण असतो, सुट्टी नसलेल्या कामाचा. डिप्रेशन वेगळं, आणि डायबिटीस असलेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे दोन आठवडे सलग मन उदास असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, तर ते शुगरवर ढकलून घरी बसू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगणं नको असं मनात येत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, वाट बघू नका. त्यावर उपचार आहेत.

दुसरी एक गोष्ट ताईंनी सांगितली तिने माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं. शुगर फक्त खाण्याने वाढत नाही. झोप कमी, सर्दीताप, दुखणं, भांडण, टेन्शन, यात शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं. पहाटे तर काही न खाता हे होतं, शरीर उठायची तयारी करत असतं म्हणून. म्हणजे रात्री मी अगदी जपून जेवले आणि सकाळी १७० दिसली तर तो माझा गुन्हा नव्हता, आणि मी मात्र कित्येक सकाळी आदल्या रात्रीचा घास न घास आठवत बसले होते. आता मी आकड्याला चांगला-वाईट म्हणत नाही, जास्त-कमी म्हणते. ऐकायला लहान वाटेल पण करून बघा, मनात केवढा फरक पडतो.

नवऱ्याबद्दल लिहायचं राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसले. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली, गाऊन घामाने भिजलेला, हृदय धडधडतंय, काहीतरी भयंकर होणार अशी भीती. ती भीतीसुद्धा अ‍ॅड्रेनलिनच असते, शुगर ७० च्या खाली गेली की शरीर असा आरडाओरडा करतं, पण त्या क्षणी ते कुठलं आठवायला. ग्लुकोजचा डबा उशाशीच होता आणि माझ्या बोटांना त्याचं झाकण फिरवता येईना. झाकण फिरतंय असं वाटायचं, पण माझा हातच नुसता त्यावरून घसरत होता. नवरा उठला, डबा माझ्या हातातून घेतला, मीटरवर ५८. तीन चमचे पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसला, परत तपासलं, ८४. मी झोपले. तो झोपला नाही हे मला फार नंतर कळलं.

"किती आली?" हे रोज सकाळी आतल्या खोलीतून ऐकू यायला लागलं ते त्या रात्रीनंतर. मला वाटायचं तो पाळत ठेवतोय. डॉन-टू नावाचा १७ देशांतला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पेशंटसोबत घरच्या माणसांनाही मुद्दाम विचारलं होतं, आणि शुगर एकदम खाली जाईल याची मोठी काळजी घरच्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितली. हे वाचलं आणि मला ती रात्र आठवली, घड्याळाकडे बघत बसलेला तो आठवला.

मग आम्ही ठरवलं, आकडा मी आपणहून सांगणार, ७० च्या खाली असेल तर लगेच आणि नाहीतर मला वाटेल तेव्हा. त्याला जड गेलं. पहिले काही दिवस तो सकाळी उगाच दारापर्यंत यायचा, उभा राहायचा, परत जायचा. माझं एचबीएवनसी नंतर ७.६ आलं, मधे एकदा परत ७.९ झालं, वही मात्र आता खरी आहे.

मागच्या महिन्यात तो वीस प्रश्नांचा कागद परत काढला, स्वतःसाठी. माझे झाल्यावर सहज म्हणून त्यातले दोनतीन त्यालाही विचारले, थोडे बदलून. तो मोबाईल बघत उत्तरं देत होता, एक, शून्य, एक. मग मी विचारलं, माझ्या या आजारात तुला एकटं पडल्यासारखं वाटतं का? त्याने मोबाईल खाली ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीन लिही."