एवढी जिद्द कुठून आणलीस?

दादरच्या मंडईत, लग्नाच्या पंगतीत, लेडीज डब्यात उभ्या उभ्या मला हेच विचारतात. पाय लुळे पडलेली बाई पुन्हा जिने चढते म्हणजे जिद्दच असणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमची, साथ आली तेव्हापासून आजाराचं नाव तरी समजावत बसावं लागत नाही. जिद्दीचं मात्र तसंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

माझ्या चेतापेशी मेल्या नव्हत्या. पावलाचे स्नायू हलवणारी पेशी मज्जारज्जूत असते आणि तिचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब, थेट पावलापर्यंत. त्यावर श्वान (Schwann) नावाच्या पेशी मायलिनचे, म्हणजे वायरवरच्या वेष्टनासारख्या आवरणाचे, वेढे घालून असतात, एकेक पेशी साधारण मिलिमीटरभर टप्प्यावर. दोन टप्प्यांमधल्या उघड्या जागांवरून संदेश उड्या घेत जातो, म्हणून तर सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेग मिळतो. माझ्याच प्रतिकारशक्तीने हे मायलिन सोलून काढलं. तंतू शाबूत राहिले. श्वान पेशींनी पुन्हा वेढे घातले. त्यांनी मला विचारलंही नाही.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती, तीही जीबीएसचीच. आमची एनसीव्ही, म्हणजे चेतांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, एकाच सकाळी झाली. पावलावर पट्टी चिकटवतात, घोट्याशी विजेचा झटका देतात, मग गुडघ्यामागे, आणि पडद्यावर लाट उमटते. माझी लाट फार उशिरा आली, तीही विस्कटलेली. मग तिची. अगदी वेळेवर, पण बुटकी, रेघेवरून जेमतेम उठलेली. ती आनंदाने म्हणाली, "बघा मॅडम, माझी तर वेळेवर आली!"

डॉक्टरांनी तिच्या पायावरचं जेल पुसलं, चादर ओढली आणि मग सांगितलं. वेळेवर आली कारण मायलिन ठीक आहे. बुटकी आहे कारण इजा तंतूंनाच झालेली दिसतेय. कधीकधी त्यातूनही माणसं लवकर उठतात, पण तंतू तुटलेच असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात.

रात्री दिवे मालवल्यावर तिने विचारलं, "ताई, गुडघ्यापासून पावलापर्यंत किती मिलिमीटर होतील?"

"चारशे असतील," मी म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही.

फिजिओथेरपिस्ट निघाली की "अजून एकदा करू या ना" म्हणणारी तीच. मध्यरात्री दात आवळून अंगठा उचलू पाहणारीही तीच. मी त्या वेळी कुशीवर रडत असायचे. जिद्दीने पाय हलत असते तर आधी तिचे हलले असते. वॉकर अजून सुटला नाही, तर लोक तिला विचारतात, "व्यायाम नीट करत नाहीस का?"

तेव्हाची मी मात्र माझ्याशी भांडते. पहाटे भिंत धरून उभी कोण राहायची? सांधे आखडू दिले नाहीत ते कुणी? केलं, कबूल. व्यायामाशिवाय नवं मायलिन मिळूनही मी अडखळतच राहिले असते. पण त्याचं श्रेय मला घेववत नाही. मी श्रेय घेतलं की तिच्या माथी दोष येतो.

परवा फोनवर तिला हेच सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, "जिद्दही काढून घेतलीत, तर मी सकाळी उठू कशासाठी?" मला उत्तर देता आलं नाही.