टो घरी करा, बाकीचं मशीनवर

सस्पेन्शन बदललं, गाडी लो केली की पुढचा प्रश्न ठरलेलाच, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दुकानात करायची की घरी दोरी बांधून. माझं मत विचाराल तर टो (वरून पाहिलं तर चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत ते) घरी होतो आणि झकास होतो, बाकीच्यासाठी एकदा तरी मशीनवर जायलाच हवं.

थ्रीडी मशीन भारी असतं यात वादच नाही. चाकांवर टार्गेट लावले, गाडी जरा पुढेमागे ढकलली की रिमचा रनआउटही (रिम वाकडी फिरण्याचा फरक) हिशोबातून जातो आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल), कास्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल), टो, थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ढकलतात त्या दिशेचा कोन) सगळं स्क्रीनवर. घोळ होतो तो माणसापाशी. कंपनीची रेंज बरीचदा इतकी मोठी असते की डावीकडे उणे अर्धा डिग्री कॅम्बर आणि उजवीकडे उणे एक, तरी दोन्ही आकडे हिरवे, मग काय, झालं काम, पुढची गाडी घ्या! रेस ट्रॅकवर नेणाऱ्याला हे कसं चालेल? त्यामुळे आपल्याला हवे ते आकडे कागदावर लिहून न्या, हवा आधीच भरून ठेवा, ड्रायव्हर सीटवर आपल्याएवढं वजन ठेवायला सांगा आणि आधीची-नंतरची प्रिंट मागून घ्या. ऑपरेटरने तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान बघा सरळ.

घरी चार स्टँड, दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि स्टीलची पट्टी एवढ्यात भागतं. फक्त दोरी टायरला टेकवून लावायची नाही, कारण पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) बहुतेक गाड्यांत सारखा नसतो, हबच्या सेंटरपासून मोजायचं, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडी बरोबर मधोमध. हे सेटिंगच वेळ खातं. मग स्टीअरिंग सरळ लॉक करून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्यायचं, पुढे जास्त भरलं तर टो-इन, म्हणजे चाक पुढून आत वळलेलं. 17 इंची रिमवर 1 मिमी फरक म्हणजे साधारण 8 मिनिटं (60 मिनिटांची 1 डिग्री), पट्टीवर अर्धा मिमी आरामात दिसतो, म्हणजे दोरीला हसायचं काही कारण नाही.

जॅकवरून खाली घेतल्यावर टायर जमिनीला चिकटून आखडतो, चाक जागेवर बसत नाही आणि रीडिंग खोटं येतं. चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मधे ग्रीस, मग गाडी दाबून दाबून बसवा. सुरुवात मागच्या चाकांपासून. टाय रॉडचा (टो कमी-जास्त करायचा दांडा) लॉक नट आवळताना सेटिंग हलतं, आवळून झाल्यावर परत मोजाच.

कॅम्बर डिजिटल गेजने जमतो, पण जमीन लेव्हल हवी, दोन चाकांत 5 मिमीचा उतार असला तरी 10-11 मिनिटांची चूक येते. आणि कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून टो शेवटी. टायरची आतली कड गेली की सगळे कॅम्बरला शिव्या घालतात, खरा टायरखाऊ टो असतो.

कास्टरला मात्र चाक दोन्हीकडे 20-20 डिग्री वळवून मोजावं लागतं, टर्न प्लेट (चाकाखालची फिरणारी, डिग्रीच्या खुणांची तबकडी) नसेल तर नुसता वैताग. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत स्टीअरिंग अँगल सेन्सर झिरो करायला स्कॅनर लागतो, ते दोरीने होत नाही.