सोलची मेट्रो अडवणारी माणसं

के-ड्रामात सोलची मेट्रो दिसली की कसं भारी वाटतं ना, चकाचक स्टेशनं, वेळेवर गाड्या, जिथे तिथे लिफ्ट. पण त्या लिफ्ट कुणी आणि कशा मिळवल्या ते फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून आज मुद्दाम लिहितेय.

जानेवारी २००१. सोल्लाल म्हणजे तिकडचं चांद्र नवीन वर्ष, अगदी तोंडावर आलेलं. ओइदो स्टेशनवर व्हीलचेअरसाठीची लिफ्ट तुटली आणि एक वयस्कर जोडपं खाली कोसळलं, त्यातल्या बाई गेल्या. पुढच्याच महिन्यात अपंग कार्यकर्ते सोल स्टेशनच्या रुळांवर उतरले. बऱ्याच स्टेशनांवर तेव्हा लिफ्टऐवजी जिन्याच्या कडेने सरकणारा उघडा प्लॅटफॉर्म असायचा, त्यावर व्हीलचेअर चढवायची, तो कासवाच्या गतीने सरकणार, वर म्युझिक वाजणार आणि येणारे-जाणारे वळून वळून बघणार. नुसतं ऑफिसला जायला माणसाने रोज हे का सोसायचं? आणि त्यात जीवाचा धोका, २०१७ मध्ये सिंगिल स्टेशनवर असाच प्लॅटफॉर्म बोलवायचं बटण दाबायला गेलेला माणूस जिन्यावरून पडला आणि पुढे वारला.

या लढ्यातलं मोठं नाव म्हणजे पार्क क्योंग-सोक. हँग ग्लायडिंगच्या अपघातानंतर १९८३ पासून ते व्हीलचेअरवर आहेत. २००२ मध्ये मानवाधिकार आयोगाच्या ऑफिसात त्यांनी ३९ दिवस उपोषण केलं. २००५ मध्ये प्रवासाच्या हक्काचा कायदा झाला खरा, पण कायदा कागदावर, बजेटचं विचारलं की टोलवाटोलवी. मग डिसेंबर २०२१ पासून सकाळच्या गर्दीत मेट्रोत चढायचं आंदोलन सुरू झालं. करतात काय तर एकामागून एक व्हीलचेअर एकाच दारातून चढतात, काहीजण खुर्चीतून उतरून डब्यात जमिनीवर सरपटत पुढे जातात आणि गाडी खोळंबते. बस, एवढंच!

यावर लोक भडकले, शिव्या दिल्या. तेव्हाच्या सत्ताधारी होऊ घातलेल्या पक्षाचे प्रमुख ली जुन-सोक यांनी तर उघड टीका केली आणि एप्रिल २०२२ मध्ये पार्क यांच्याशी टीव्हीवर समोरासमोर वादही घातला. उशीर झालेल्यांचा राग मला कळतो, कुणाचा पगार कापला जात असेल, कुणाची परीक्षा असेल. पण वीस वर्षं शांतपणे मागून जे मिळालं नाही ते मागायचं तरी कसं, हे टीका करणाऱ्यांपैकी कुणीच सांगत नाही. आणि आज त्या लिफ्टमध्ये असतं कोण? गुडघे धरलेल्या आज्या, बाबागाडी घेतलेल्या आया, मोठ्या बॅगा ओढणारे टुरिस्ट!

मेट्रोचं निदान एवढं तरी झालं, लांब पल्ल्याच्या बसचं अजून रडगाणंच आहे. २०१४ मध्ये २० एप्रिलला, म्हणजे तिकडच्या अपंग दिनालाच, कार्यकर्ते रीतसर तिकिटं काढून एक्सप्रेस बस टर्मिनलवर गेले, तर पोलिसांनी त्यांच्यावर डोळे झोंबणारा स्प्रे मारला. हातात तिकीट असलेल्या माणसांवर! व्हीलचेअर चढेल अशा एक्सप्रेस बसची ट्रायल सुरू व्हायला त्यानंतर २०१९ उजाडलं.